दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

"दारू किती घेता?"

सोनोग्राफी करून मला वॉर्डात परत आणलं होतं. थोड्या वेळानं डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला. शेजारी माझी बायको सुजाता उभी होती. पायथ्याला स्टुलावर आई बसली होती. पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटचे नातेवाईकही कान देऊन ऐकत होते.

"घेत नाही," मी म्हणालो.

"कधीमधी? लग्नात, मित्रांबरोबर?"

"कधीच नाही मॅडम. थेंबसुद्धा नाही."

आईला राहवलं नाही. "त्याच्या बापानंबी कवा शिवली न्हाय. आमच्या घरात बाटली आल्याली दावा की कुनीतरी!"

मॅडमनी आईकडं बघून मान हलवली आणि कॉटच्या कडेला टेकल्या. "मग हे खाण्यातून झालंय. तुम्हाला फॅटी लिव्हर आहे, म्हणजे यकृतात चरबी साठली आहे. नुसती साठून राहिली असती तर एवढं बोलले नसते. तिच्यामुळं लिव्हरला सूज आली आहे. आणि तुम्हाला डायबेटिस आहे. तो आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा असावा."

मी तर पायाच्या जखमेसाठी दाखल झालो होतो.

मीही डॉक्टर आहे, पण जनावरांचा. नाव रणजित चौगुले. राहायला कसबा बावड्यात. वीसेक वर्षं पंचगंगेच्या काठच्या गावांतून मोटारसायकलवर फिरतो. म्हैस व्याली, गाईचा सड सुजला, रेडकू दूध ओढेना, असं काहीही झालं की मला फोन येतो. वय सत्तेचाळीस. पोट पुढं आलं होतं, पण आमच्याकडं त्याला आजार कुणी म्हणत नाही. "अंगानं भरल्यात डॉक्टर," असं म्हणतात.

झालं असं की एका म्हशीला सलाइन लावताना तिनं लाथ झाडली. नडगीवर लागलं. कातडं सोललं, थोडं रक्त आलं. असल्या लाथा मी शेकड्यानं खाल्ल्या असतील. पाणी मारलं, मलम लावलं आणि पुढच्या गोठ्यावर गेलो. एरवी आठवड्यात खपली धरायची. या वेळी धरली नाही. जखमेच्या कडा लाल झाल्या, मग पाय घोट्यापर्यंत सुजला, कातडी तापलेल्या तव्यासारखी लागायला लागली. एक दिवस शिरोलीच्या बाजूनं येताना अंगात एवढी हुडहुडी भरली की गाडीचं हँडल धरवेना. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यानं सुजाताला फोन केला. ती शिक्षिका, शाळेतून तशीच आली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं सांगितलं, सेल्युलायटिस. कातडीच्या खालच्या थरात जंतू पसरले की त्याला असं म्हणतात. वेळेत आवरला नाही तर पाय धोक्यात येतो, विष रक्तातही जाऊ शकतं. दाखल करून घेतलं आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

आता मागं वळून बघितलं की आधीच्या खुणा दिसतात. वर्षभर मानेवर, काखेत गळवं येत होती. एक बसलं की दुसरं. मानेची कातडी काळी पडली होती, मी ते उन्हाचं समजायचो. दुपारी जेवलो की झोप अशी यायची की मोटारसायकल झाडाखाली लावून मी तिच्यावरच मान टाकायचो. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही होत असेल तर म्हशीच्या लाथेची वाट बघू नका. आधी रक्त तपासा.

वॉर्डातले दिवस तपासण्यांत गेले. सकाळी ड्रेसिंग, मग रक्त, मग वाट बघणं. रिपोर्टात इंग्रजी अक्षरांची रांग असायची आणि मॅडम राउंडला आल्या की एकेक समजावून सांगायच्या. एचबीएवनसी म्हणजे मागच्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी. उपाशीपोटीची साखर एका दिवसाची गोष्ट सांगते, ही तपासणी सगळा काळ सांगते. माझा आकडा नऊच्या वर होता. साडेसहा झाला तरी डायबेटिस म्हणतात. एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारा घटक. तो दुप्पट होता. सीआरपी म्हणजे शरीरात कुठं तरी दाह चालू असल्याची खूण. जखमेमुळं तो वाढणारच होता. पण पायाची सूज उतरल्यावरही तो पूर्ण खाली येईना.

"हे मला आवडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "जंतू गेले तरी आत काहीतरी धुमसतंय."

मी विचारलं, "कशामुळं?"

त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. "यामुळं. पोटाच्या आतली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून अशी रसायनं सुटतात की शरीराला वाटतं, कुठंतरी दुखापत झाली आहे. मग आपलं संरक्षण करणारी फौज विनाकारण कामाला लागते. रोज, थोडी थोडी. त्यात रक्तात साखर जास्त असली की जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. खरी जखम झाली तेव्हा तुमची फौज दमलेली होती आणि साखरेच्या पाकात चालत होती. लाथा तर नेहमीच बसतात, म्हणालात ना? या वेळी जखम भरली नाही, ती यामुळं."

दुसऱ्या दिवशी फायब्रोस्कॅन झाला. पोटावर बरगड्यांच्या मध्ये एक यंत्र टेकवून टिचक्या मारल्यासारखे धक्के देतात आणि लिव्हर किती कडक झालं आहे ते मोजतात. दुखत नाही. लिव्हरला वारंवार सूज आली की तिथं वण पडत जातात, आणि वण वाढत गेले तर शेवटी सिरॉसिस होतो. तोच आजार, जो आपण दारुड्यांचा म्हणून ओळखतो. माझं लिव्हर मधल्या पायरीवर होतं. वण पडायला लागले होते.

"इथून मागं येता येतं का?" सुजातानं विचारलं. मला विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"येतं," मॅडम म्हणाल्या. "लिव्हर फार सोशीक असतं. पण आणखी पुढं गेल्यावर ते वळत नाही. आत्ता वळेल."

सगळ्या दवाखान्यात मी ऐकलेलं ते सगळ्यांत चांगलं वाक्य होतं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं. बिस्किटांचे पुडे, खारी, केळी, शहाळी. एका गावचे सरपंच तर डब्यातून पांढरा रस्सा घेऊन आले. "दवाखान्यातलं काय खातायसा डॉक्टर, ताकद कुठनं येनार?" त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती. आणि वॉर्डाच्या बाहेर पडताना त्यांनीच दुसऱ्याला हळू आवाजात विचारलेलं मला ऐकू आलं, "लिव्हर गेलंय म्हनं. पीत हुता व्हय?"

ते वाक्य मला जखमेपेक्षा जास्त झोंबलं. गावोगाव माझं नाव होतं. दावणीला हात लावायला देतात ते माणूस बघूनच देतात. मी सुजाताला म्हणालो, "लिव्हरचं कुणाला सांगू नकोस. पायाचं दुखणं म्हण." तिला ते पटलेलं नव्हतं.

घरी सोडायच्या आधी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. वयानं लहान, बोलायला मऊ, पण प्रश्न सोडत नव्हत्या. "उठल्यापासून झोपेपर्यंत काल काय खाल्लं ते नको, एरवी काय खाता ते सांगा."

मी जेवणाचं सांगितलं. दोन वेळची चपाती, भात, आमटी. बुधवारी आणि रविवारी मटण. त्यांनी विचारलं, "आणि गोठ्यांवर?"

मी सुजाताकडं बघितलं. सुजाता म्हणाली, "सांगा की."

गोठ्यावर गेलं की चहा. आमच्याकडं जनावराच्या डॉक्टरला चहा न देता पाठवणं म्हणजे घराची अब्रू गेली. चहाही कसा? घट्ट दुधाचा, कपात चमचा उभा राहील एवढ्या साखरेचा. सोबत खारी, बटर, नाहीतर फरसाण. जनावर बरं झालं असेल तर पेढे. गुऱ्हाळाचे दिवस असतील तर काकवीचा वाडगा. आम्ही कप मोजायला लागलो आणि दहाच्या पुढं गेल्यावर सुजातानं कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही दिवसभर जेवतच असता," बाई म्हणाल्या. "आणि त्या जेवणात भाजी नाही, डाळ नाही, काहीच नाही. नुसती साखर, मैदा आणि तेल. एवढी साखर शरीराला लागत नाही, मग लिव्हर तिची चरबी करून ठेवतं."

मी हसलो, पण आतून चरकलो. कारण हे मला माहीत होतं. माणसाचं नाही, गाईचं. जास्त दूध यावं म्हणून मालक गाईला पोत्यानं धान्याचा भरडा घालतो आणि वैरण कमी करतो. तिच्या पोटात आम्ल वाढतं. काही दिवसांनी गाय लंगडायला लागते, कारण खुराच्या आत सूज धरते. मालक म्हणतो खुराला औषध लावा. मी म्हणतो, आधी तिची गव्हाण दाखवा. खाण्यानं पाय सुजतो हे मी दुसऱ्यांना समजावत इतकी वर्षं फिरलो होतो.

बाईंनी ताट आखून दिलं. अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर. पाव ताटात डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेल्या पावात ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी, किंवा थोडा भात. मटण महिन्यातून दोनदा, हाताच्या तळव्याएवढं, आणि रश्श्यावरचा तेलाचा तवंग काढून. शेंगदाणे, जवस मूठभर. ताक चालेल. जेवल्यावर थोडं चालायचं. त्यांनी कुठलाही पदार्थ जन्मभरासाठी बंद केला नाही. "जे आयुष्यभर जमणार नाही, ते मी आठवड्यासाठीसुद्धा सांगत नाही," त्या म्हणाल्या.

आम्ही निघताना मॅडमनी बजावलं, "खाणं हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही. गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत. लिव्हर साफ करणारा काढा म्हणून कुणी काही आणून दिलं तर घ्यायचं नाही." तो काढा खरोखरच आला. मामेभावानं बाटली आणून दिली होती. सुजातानं ती सरळ मोरीत ओतली.

घरी आल्यावर आईनं माझ्या पथ्याची जबाबदारी घेतली. चहातली साखर तिनं त्याच दिवशी बंद केली आणि गूळ सुरू केला. "घरचा गूळ हाय. मामाच्या गुऱ्हाळातला, त्यात औशीद न्हाय की पावडर न्हाय. गुळानं कुनाचं वाईट झालंय व्हय?" कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला हे खोटं कसं वाटणार? मी मनापासून गुळाचा चहा प्यायलो. भाकरीबरोबर खडाही खाल्ला. पायाची जखम हळूहळू भरत होती, भाज्या खात होतो, चालत होतो, आणि साखर मोजायच्या घरच्या यंत्रावर आकडा मात्र हटत नव्हता.

तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आई सोबत होती. मॅडम तिलाच म्हणाल्या, "आजी, गुळात लोह थोडं जास्त असेल, चव चांगली असेल. पण शरीरात गेल्यावर तो साखरच होतो. लिव्हरला तो कुठल्या गुऱ्हाळातून आला ते कळत नाही."

परत येताना आईचा चेहरा उतरला होता. तिला माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि तेच उलटं पडलं होतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर ती चुलत बहिणीला फोनवर विचारत होती, "आगं, ती दोडक्याची, भोपळ्याची भाजी बिनकुटाची कशी करतीस? तेल कमी घालून चव येतीया का?" त्या दिवसापासून आमच्या घरात भाजी हा पदार्थ मानानं शिजायला लागला. शेपू, अंबाडी, पोकळा, शेवग्याची पानं, पावट्याची उसळ. आईच्या हातात चव होतीच, ती आता दुसरीकडं लागली.

घर वळलं, पण गावं कशी वळवायची? पाय बरा झाल्यावर मी पुन्हा गोठ्यांवर जायला लागलो. चहा आला की म्हणायचो, "आत्ताच झाला." नाहीतर, "घाई आहे." खरं कारण सांगत नव्हतो, कारण ते सांगायचं तर लिव्हरपर्यंत जावं लागलं असतं. लोक नाराज व्हायचे. एकजण तर तोंडावर म्हणाला, "मोठं झालासा डॉक्टर, आता आमच्यातला च्या गोड लागंना."

एक प्रसंग मात्र जिव्हारी लागला. नदीकडच्या एका गावात शौकतचं घर आहे. पाच म्हशी, दुधाचा रतीब. मी नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हापासूनचं हे घर. शौकतची आई जैबुनचाची दर रमजान ईदला माझ्यासाठी शिरखुर्म्याचं भांडं बाजूला काढून ठेवते. या वेळी ईदनंतर एक म्हैस बघायला गेलो तर चाची भांडं घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, "नको चाची, पोट बरं नाही." डबा दिला तर तोही घेतला नाही. घाईनं औषध देऊन निघालो. चाची दारात तशीच उभी होती.

त्यानंतर शौकतचा फोन आला नाही. त्याची म्हैस व्याली तेव्हा त्यानं दुसऱ्या डॉक्टरला बोलावल्याचं कळलं. आताचे दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. कोण कुणाच्या घरचं का खात नाही, याचा अर्थ लोक भलताच लावतात. त्यांनीही तोच लावला असणार, आणि मी तो लावायला जागा दिली होती.

सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही लोकांच्या बोलण्याला एवढं भिता की आपली माणसं तोडायला निघालात. आजार झालाय, चोरी केली नाही. उद्या जा आणि सांगून या."

दुसऱ्या दिवशी कुठल्याही म्हशीचं काम नसताना शौकतच्या दारात गाडी लावली. शौकत वैरण कापत होता. त्यानं "या" म्हटलं, पण उठला नाही. चाची ओट्यावर बसून मेथी निवडत होती.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "चाची, त्या दिवशी मी खोटं बोललो."

चाचीनं वर बघितलं. "ते कळालं हुतं आमाला. वीस वर्सं खाल्लंसा डॉक्टर, आता आमच्या घरचं चालंना व्हय?"

मी पँट वर करून नडगी दाखवली. तिथं अजून काळा, चकचकीत वण होता. मग सगळं सांगितलं. साखर, लिव्हर, दारूचा प्रश्न, लोक काय बोलतात ते, आणि मी का लपवलं ते. शौकतनं कोयता खाली ठेवला.

चाची एकदम कडाडली. "आरं मग सांगायचं की! मला काय साखर न्हाय व्हय? सात-आठ वर्सं गोळ्या खातीया मी. शिरखुर्मा रांधती समद्यांसाठी आनि चाटती बोटभर. तुमास्नी वाडगाभर दिऊन मारायला निगाल्ते की मी!"

शौकत हसायला लागला. मीही हसलो, आणि डोळे पुसले. चाची आत गेली. परत आली ती ताटलीत उकडलेली दोन अंडी, चिरलेला कांदा, वर लिंबू आणि तांब्याभर ताक घेऊन. "हे चालतंय न्हवं? मग बसा. खाल्ल्याबिगर जायाचं न्हाय."

मी खाल्लं. आजारपणात मी जे काही खाल्लं त्यात ते ताट मला सगळ्यांत जास्त लागू पडलं असं वाटतं.

चाचीनं ती गोष्ट स्वतःजवळ ठेवली नाही, आणि बरंच झालं. पंधरा दिवसांत सगळ्या गावांना कळलं की जनावराच्या डॉक्टरला साखर आहे आणि लिव्हरला सूज आहे, ती चहानं आणि फरसाणानं आली आहे. आता गोठ्यावर गेलो की कुणी ताक देतं, कुणी भाजलेल्या शेंगा, कुणी परड्यातली काकडी. एका घरात तर ओल्या हरभऱ्याची अख्खी पेंडी हातात दिली. बिनसाखरेचा चहा देणारेही आहेत, पण देताना त्यांचा चेहरा असा होतो की जणू पाहुण्याला उपाशी ठेवतायत. आणि एक नवीनच झालं. जनावर तपासून झालं की माणसं हळूच विचारायला लागली, "डॉक्टर, माझ्याबी मानंला असं काळं झालंय. तपासू का?" मी म्हणतो, मी जनावरांचा, तुम्ही तुमच्या डॉक्टरकडं जा, पण जाच.

सगळं सरळ गेलं नाही, हेही सांगतो. लग्नाच्या हंगामात माझा तोल दोनदा गेला, जिलेबीच्या ताटापुढं. सुरुवातीला भूक अशी लागायची की चिडचिड व्हायची. पँट ढिली झाली तेव्हा लोक कौतुक करायच्या ऐवजी घाबरले. "वाळलासा की डॉक्टर, रिपोर्ट बरं हाईत न्हवं?" काही आठवडे वजनाचा काटा हललाच नाही. तेव्हा आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काटा राहू दे. दुपारी झोप येते का अजून?" तेव्हा लक्षात आलं की झाडाखाली मोटारसायकल लावल्याला बरेच दिवस झाले होते. गळवंही आली नव्हती.

आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. फायब्रोस्कॅनच्या बाहेरच्या बाकावर सुजाता माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर शाळेच्या वह्या होत्या, पण एकाही वहीवर तिनं खूण केली नाही.

मॅडमनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. साखरेची सरासरी साडेसहाच्या जवळ आली होती. सीआरपी उतरला होता. लिव्हरचा कडकपणा एका पायरीनं कमी झाला होता. चरबी अजून होती, पण आधीच्या मानानं थोडी.

"वळलं," मॅडम म्हणाल्या. मग लगेच गंभीर झाल्या. "एक गोळी कमी करते, दुसरी चालू राहील. डायबेटिस गेला असं समजू नका. तो दाराबाहेर उभा आहे. दार तुमच्या हातात आहे."

सुजातानं तिथंच मॅडमना नमस्कार केला. मीही हात जोडले.

हे सगळं लिहितोय ते तुमच्यापैकी कुणाला असा रिपोर्ट हातात मिळाला तर घाबरून जाऊ नये म्हणून. लपवू नका. मी लपवलं त्या काळात मला सगळ्यांत जास्त एकटं वाटलं. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला डॉक्टरकडं सोबत न्या, कारण पथ्य पेशंटचं असलं तरी ते पूर्ण घराला शिजवावं लागतं. आणि बंद काय करायचं एवढंच विचारू नका, ताटात नवीन काय घ्यायचं तेही विचारा. माझं पोट भाज्यांनी आणि उसळींनी भरायला लागलं तेव्हाच साखरेची ओढ कमी झाली. नुसत्या निश्चयानं ती कमी झाली नव्हती.

परवा वडणग्याच्या बाजूला एक गाय अडली होती. वासरू आडवं होतं. खांद्यापर्यंत हात आत घालून ते फिरवायला बराच वेळ लागला. वर्षापूर्वी असलं काम झालं की मी धापा टाकत पायरीवर बसायचो. परवा मी उभाच होतो. वासरू बाहेर आलं, नाक झटकलं, आणि धडपडत उभं राहिलं. मालकीणबाई पहिला चीक मोठ्या भांड्यात काढायला लागल्या तशी मी म्हणालो, "आधी वासराला पाजा. त्याची रोगाशी लढायची सगळी ताकद या पहिल्या चिकात आहे. पोटभर पिऊ दे, उरेल ते तुमचं."

काल संध्याकाळी त्यांनी मुलाकरवी खरवसाचा डबा पाठवला. वर झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती, "गूळ कमी घातलाय." आईनं माझ्याकडं बघितलं. सुजातानंही बघितलं. मी एक लहान वडी घेतली, उरलेला डबा आईपुढं सरकवला आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसलो. वडी हळूहळू खाल्ली. जायफळाचा वास होता, चिकाची ती किंचित खारट चव होती. आधी अशा डब्यातल्या पाच-सहा वड्या मी उभ्या उभ्या संपवायचो आणि विचारलं असतं तर जायफळ होतं का नव्हतं, ते सांगता आलं नसतं.